जावयाचा फणस

विश्राम टिपणीस हा माणूस आयुष्यात एकदाच लोकांना हसवायला गेला आणि सपशेल तोंडावर आपटला. एरवी त्याचं फार बरं चाललं होतं. ऐन विशीतला, गोरा, नाकेला, आणि डोळे असे की बघणाऱ्याला आपली पापं आठवावीत. उंची बेताचीच होती, पण सिंहासनावर बसलं की ती कुठे कळते? मूकपटवाल्यांनी त्याला धरला आणि देव केला. एकदा राम, मग विष्णू, मग पुन्हा राम. तंबूतल्या पडद्यावर तो आला रे आला की लोक चपला काढून बसत, बायका पदर पसरत, पुढच्या रांगांतून फुलं उधळली जात. कल्याणच्या बाजारात भाजी घ्यायला गेला तर म्हातारेकोतारे वाकून पाया पडत. आता असं सोन्यासारखं देवपण सोडून कुणी शेणावरून घसरायला जातं का? हा गेला.

त्याने आपल्या हिकमतीवर एक विनोदी मूकपट काढला. नाव ‘जावयाचा फणस’. नवा जावई ठाण्याहून कल्याणला सासुरवाडीला निघतो, काखोटीला भलामोठा फणस, आणि तो फणस सासूबाईंच्या हाती पडेपर्यंत जी काय त्रेधातिरपीट उडते ती सगळी गोष्ट. पहिल्या खेळाला कल्याणात ही गर्दी लोटली. दिवे मालवले, जावई पडद्यावर आला, आणि सवयीने सगळ्या तंबूने चपला काढल्या. जावई घसरून चिखलात पडला तेव्हा एक म्हातारी हुंदके देऊन रडायला लागली. ‘देवाला पाडता? कुठे फेडाल हे पाप!’ असं कुणीतरी ओरडलं. बाकीच्यांनी हात जोडले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. हात जोडलेल्या माणसाला हसता येत नाही, करून बघा. आठवडा संपायच्या आत चित्रपट उतरला आणि विश्राम टिपणीसही उतरला.

मंदाकिनी त्याची धाकटी मुलगी. लग्नानंतरची कर्णिक. आज वय एक्याऐंशी, मुक्काम ठाण्यात नौपाडा, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिच्या जन्माच्या आधीच मुकुट-बिकुट सगळं आवरून झालं होतं. तिला ठाऊक होते ते अण्णा, म्हणजे कल्याणजवळच्या मोहन्यातल्या रेयॉनच्या कारखान्यातले हजेरी घेणारे कारकून. भोंगा झाला की टोपी घालून निघायचे, भोंगा झाला की टोपी काढत यायचे. मोजकं बोलायचे, हळू बोलायचे.

आणि धांदरट! अगंबाई, काय ती धांदरट स्वारी! जेवायला स्वयंपाकघरात येताना चौकटीला डोकं आपटायचं, धाड! आठवड्यातून दोनदा तरी. मग कपाळ चोळत चौकटीलाच हात जोडून माफी मागायचे. दर उन्हाळ्यात फणस आणायचे आणि दर उन्हाळ्यात हाताला तेल लावायला विसरायचे. मग चीक हाताला, हाताला वर्तमानपत्र, ते सोडवायला दुसरा हात, तोही चिकटला म्हणून गुडघा, की वर्तमानपत्र गुडघ्याला. असं काहीही झालं की अण्णा थांबायचे. अगदी स्तब्ध. मान तिरकी करून, एक भुवई वर उचलून मुलांकडे बघायचे.

त्या बघण्याची मुलांना धडकी भरायची. कोण हसलं ते अण्णा तपासताहेत, अशी चारही भावंडांची पक्की समजूत. आई डोळे वटारून पुटपुटायची, ‘हसायचं नाही गं. वडील आहेत.’ की सगळ्या माना ताटात. अण्णा आणखी जरासे थांबायचे आणि मग मुकाट्याने पाटावर बसायचे. बिचाऱ्या आईचंही काय चुकलं? नवऱ्याला जगाने एकदा तोंडघशी पाडलं होतं हे तिच्या कानावर होतं. घरात तरी त्याचा मान राहावा म्हणून ती माउली जपायची.

मॅट्रिकच्या वर्षी मंदाकिनीला शेजारच्या बायकांकडून कुणकुण लागली. तिने धीर करून विचारलं.

‘अण्णा, तुम्ही सिनेमात होतात?’

‘होतो.’

‘मग सोडलंत का?’

अण्णांनी टोपी खुंटीला लावली. ‘लोकांना हसवायला गेलो, मंदे. जमलं नाही. हसवणं ही देणगी असते. ती आपल्याकडे नाही.’

त्या विषयावर बाप-लेकीचं बोलणं झालं ते एवढंच. पुढे अण्णा गेले. मंदाकिनीचं लग्न, नोकरी, मुलगी, नात, सगळं यथासांग झालं, पण ते वाक्य काही तिच्या मनातून सुटेना. माणूस आपल्याविषयी असं काही ठरवून मरतो, ते खरंच असतं का? तिच्या बापाला खरंच हसवता येत नव्हतं का? विचारणार कुणाला? चित्रपट तर केव्हाच कुजून माती झाला असणार.

तर एके दिवशी दुपारी दारात वॉल्टर उभा. वॉल्टर म्हणजे टेलिफोन खात्यात मंदाकिनीच्या शेजारी बसणाऱ्या लुसीचा नवरा, राहणार ठाण्यातच, चरईत. चर्चमध्ये फिडल वाजवणारा, साठी उलटलेला, सुपारीच्या झाडासारखा उंच गडी. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड.

‘मावशी, लुसी बोलली तुम्ही माहेरच्या टिपणीस. विश्राम टिपणीस तुमचे कोण?’

‘वडील. का रे?’

वॉल्टरने गोणपाट सोडलं. आत गंजलेले पत्र्याचे चपटे गोल डबे.

‘माझा आजा तेव्हा तंबूत फिडल वाजवायचा. पिक्चर मुका ना, म्हणून पडद्याखाली बाजा लागायचा. पेटी, तबला आणि आमचा आजा. तो सांगायचा, त्या दिवशी सगळ्या तंबूत एकटा मीच हसलो. पोट धरून हसलो. वाजवता येईना. तर मॅनेजरने कॉलर धरून बाहेर काढला!’

‘एकटाच कसा हसला?’

‘आमच्यात कुठे राम, मावशी? बाकीच्यांना देव दिसत होता, आजाला दिसला नुसता फणसवाला माणूस. नंतर पिक्चर उतरला तेव्हा तुमच्या वडलांनी हे डबे आजाच्या हातात दिले. बोलले, एकटा तू हसलास, तूच ठेव. आता घर पाडायला काढलंय, माळा साफ केला तर हे सापडले.’

मंदाकिनीने डब्यावर हात ठेवला. गंज तिच्या बोटांना लागला आणि अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे एक तरी माणूस हसला होता! पोट धरून हसला होता! तिचे डोळे भरून आले, आणि वॉल्टरसमोर रडायचं नाही म्हणून ती उगाचच चहा टाकायला उठली.

‘पण काय आहे मावशी,’ वॉल्टर मागून म्हणाला. माणूस देवभोळा, खोटं बोलवेना त्याला. ‘आजा थोडी घेतलेला पण असेल. घ्यायचा तो.’

झालं! हातातोंडाशी आलेला घास पुन्हा अधांतरी.

पुढचं सगळं नातीने केलं. देवयानी ही मंदाकिनीच्या मुलीची मुलगी. डोंबिवलीत राहते, जाहिरातींच्या फिल्म कापायचं-जोडायचं काम करते. तिने पुण्यात जुन्या फिल्म साफ करणारी माणसं गाठली. एका डब्यातल्या रिळाचा पार दगड झाला होता, पण बाकीची वाचली. वर्ष-दीड वर्ष त्या लोकांनी एकेक चित्र पुसून-पासून कॉम्प्युटरवर उतरवलं. एका रविवारी देवयानी लॅपटॉप काखेत मारून नौपाड्यात हजर.

‘आजी, बस इथे. पणजोबा बघ.’

‘मी नाही बघणार.’

‘अगं, वेडी का तू? एवढं सगळं कशासाठी केलं मग?’

‘एकटी-दुकटीने नाही बघणार. हसायची गोष्ट चारचौघांत बसून बघायची असते. तू बघितलास ना? मला सांग, हसलीस?’

पोरगी तशी गुणाची, थापा मारत नाही. ‘म्हणजे... मी जरा रिस्पेक्टने बघत होते गं. शंभर वर्षांपूर्वीचं सगळं. पण एक सांगू? मध्ये मध्ये लांबतो. काहीतरी झालं की हे नुसतेच थांबतात, कॅमेऱ्याकडे बघत. काहीच घडत नाही. ते कापलं ना, तर टाइट होईल.’

‘खबरदार कात्री लावलीस तर,’ मंदाकिनी म्हणाली. पण मन खट्टू झालं ते झालंच. सख्खी पणती, तिलाही हसू आलं नाही. वॉल्टरच्या आजाने घेतलीच असणार त्या दिवशी.

तिथेच थांबावं, असं तिला फार वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्तापर्यंत अण्णांच्या बाजूने म्हणायला एक तरी सबब होती, लोकांनी देव समजून हात जोडले म्हणून. आता त्यांना देव म्हणून ओळखणारं कुणी जिवंत नाही. आता लोक हसले नाहीत तर सबबही गेली, आणि अण्णांचं म्हणणं कायमचं खरं ठरलं. पण मूठ झाकून ठेवायला तिच्याजवळ वर्षं तरी किती उरली होती? ती म्हणाली, ‘लाव कुठेतरी. काय व्हायचं ते होऊ दे.’

डोंबिवलीकरांना काय, निमित्त हवं. तिथल्या एका सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष कुंडलिकराव म्हणून आहेत, त्यांनी बातमी ऐकली आणि हॉलच घेऊन टाकला. रविवार सकाळ, साडेदहाची वेळ, वॉल्टरला फिडलसकट आमंत्रण. देवयानीने गाडी केली. शिळफाट्याला ती तासभर तुंबली, आणि तेवढ्यात मंदाकिनीने ‘परत फिरव’ असं निदान तीन वेळा म्हणून घेतलं. वॉल्टर पुढच्या सीटवर फिडल मांडीत घेऊन, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. तो नुसता म्हणायचा, ‘चला हो मावशी.’

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मंदाकिनीने देवयानीचा हात धरला. स्टेजच्या मधोमध अण्णांचा मोठा फोटो. फोटोला चाफ्याचा हार. पुढे समई, उदबत्ती, रांगोळी. अण्णांच्या पायाशी, म्हणजे फोटोच्या खाली, फुलांची ओंजळ. लोक येत होते, फोटोला नमस्कार करत होते आणि हळू आवाजात बोलत आपापल्या खुर्चीत बसत होते. एकाने तर चपला बाहेर काढून ठेवल्या.

‘देवयानी, हे काय गं करून ठेवलंय?’

‘छान केलंय की आजी! किती मानाने!’

कुंडलिकराव बोलायला उभे राहिले. माणूस सज्जन, पण माईक हातात आला की आवरत नाही. ‘महर्षी’ म्हणाले, ‘तपस्वी’ म्हणाले, ‘त्या तेजस्वी डोळ्यांत साक्षात परमेश्वर’ म्हणाले. मंदाकिनीला शाल, श्रीफळ दिलं. मग दिवंगत कलावंताच्या स्मृतीस अभिवादन म्हणून सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. सगळा हॉल माना खाली घालून उभा. वा रे वा! विनोदी चित्रपट बघायला आलेल्या माणसांना आधी सुतकात बसवलं. मंदाकिनीला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, हाच घोटाळा झाला होता हो तेव्हा, पण नारळ हातात घेऊन ओरडता येत नाही.

दिवे मालवले. वॉल्टरला कुंडलिकरावांनी आधीच बजावलं होतं, भक्तिभावाचं काहीतरी वाजवा. त्याने हनुवटीखाली फिडल धरून एक संथ, गंभीर सूर लावला.

आणि अण्णा आले.

मंदाकिनीने श्वास रोखला. तिला टक्कल पडलेले, खांदे उतरलेले अण्णा ठाऊक होते. हा तर देवयानीपेक्षाही लहान पोरगा! डोक्याला मोठा फेटा, अंगात घट्ट कोट, धोतराचा सोगा हातात, आणि काखोटीला स्वतःच्या निम्म्या उंचीचा फणस. हे चालणं, पायाची बोटं बाहेर टाकत चालणं, तिने मोहन्याच्या रस्त्यावर हजारदा पाहिलं होतं. मेलेला बाप शंभर वर्षं मागे जाऊन कोवळा होऊन तिच्याकडे चालत येत होता. असं काही माणसाला बघायला मिळतं? तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

जावई ठाण्याच्या मासुंदा तळ्याच्या काठाने चालला होता. हॉलमध्ये कुजबूज उठली. ‘मासुंदा! हे बघ, एक बिल्डिंग नाही!’ जावई बैलगाडीत चढला, फणस एकीकडून वर ठेवला की तो दुसरीकडून खाली, असं चार वेळा झालं. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, ‘चाकाची घडण बघितलीस? अस्सल सागवान.’ जावई शेणावरून घसरला, फणस वाचवायला गिरकी घेत घेत अख्ख्या रस्त्यावरून नाचत गेला आणि शेवटी चिखलात बसला. सगळा हॉल आदराने बघत राहिला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

चिखलात बसलेले अण्णा थांबले. स्तब्ध. हॉल स्तब्ध. नुसता वॉल्टरचा रडका सूर.

मागच्या बाजूला एक चिमुरडी खुदकन हसली. लगेच तिच्या आईचा आवाज आला, ‘शू! हसायचं नाही.’

मंदाकिनीने चमकून मागे बघितलं. तेच शब्द. तिने डोळे मिटून घेतले. संपलं. तेव्हा देव म्हणून हसले नाहीत, आता थोर म्हणून हसत नाहीत. का खरंच हसण्यासारखं काही नाही त्यात? तिला तरी कुठे हसू आलं होतं? ती नुसती बाप बघत होती. ‘खरं होतं अण्णा तुमचं,’ ती मनात म्हणाली, ‘नाही जमलं.’

देवयानीने कोपराने ढोसलं. ‘आजी, झोपू नको. सासुरवाडी आली.’

तिने डोळे उघडले. सासऱ्यांचं घर. मोठं, ऐसपैस दार. जावई फणस सावरत, फेटा सावरत, रुबाबात दाराकडे निघाला. कॅमेरा बाजूला, त्यामुळे जावई पायापासून डोक्यापर्यंत अख्खा दिसत होता. तो दारात पोचला आणि त्याचं डोकं चौकटीला आपटून मागे फेकलं गेलं.

पण चौकट तर वीतभर वर होती!

मंदाकिनी पुढे सरकली. बुटका माणूस. उंच दार. डोकं लागलं कुठे? लागलं नव्हतंच! पाय! उजव्या पायाने त्याने दाराच्या खालच्या फळीला लाथ मारली होती, आणि त्याच क्षणी मान मागे झटकली होती. मूकपटात आवाज येणार नाही हे ठाऊक असूनही त्याने लाथ मारली होती, कारण मान झटकायची तर ठोका हवा.

मोहन्याच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघराचं दार तिच्या डोळ्यांपुढे आलं. कारखान्याने बांधलेलं, चांगलं उंच. अण्णा त्या दारापुढे पोरसवदा दिसायचे. आठवड्यातून दोनदा डोकं आपटायचं त्यांचं! त्या दाराच्या खालच्या फळीचा रंग उडाला होता, आणि आई पोरांवर ओरडायची, कोण लाथा मारतं रे दाराला? अगं आई गं. घरातली पोरं नव्हतीच मारत लाथा. आणि तेल? दर वर्षी तेल विसरणारा माणूस कोकणपट्टीत जन्मतो का? धांदरट नव्हतेच ते. खेळ करत होते. कारखान्यातून आल्यावर, रोजच्या रोज, चार पोरांच्या प्रेक्षकांपुढे हा माणूस आपला उतरलेला चित्रपट पुन्हा पुन्हा लावत होता!

पडद्यावर जावयाने चौकटीला हात जोडून माफी मागितली. मग मान तिरकी केली. एक भुवई वर उचलली. आणि सरळ मंदाकिनीकडे बघितलं.

तेच बघणं. कोण हसलं, हे तपासायला नव्हे. कुणी हसतंय का, हे बघायला.

आयुष्यभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मंदाकिनी हसली. साधंसुधं नाही, शाल खांद्यावरून घसरली, मांडीवरचा नारळ गडगडत पुढच्या रांगेत गेला, अशी हसली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना, मान मागे टाकून ती खदाखदा हसत सुटली. कुंडलिकराव धडपडत उठले, ‘पाणी आणा, पाणी, बाईंना त्रास होतोय!’

‘त्रास कसला मेला!’ मंदाकिनी ओरडली. ‘अहो, पाय बघा त्यांचा, पाय! दाराला लाथ मारतायत! अहो हसा ना, बसलाय काय हार घातल्यासारखे!’

मागची चिमुरडी मोकळी झाली आणि खिदळली. या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही. पडद्याशेजारी वॉल्टरचा गज तारेवरून घसरला. तो उंच माणूस खुर्चीत दुमडून हसत होता, हुबेहूब त्याच्या आजासारखा, आणि आज तर त्याने फक्त चहा घेतला होता. हसता हसताच त्याने भक्तिभाव सोडला आणि त्यांच्या लग्नात वरातीपुढे वाजवतात तसली एक उडती चाल धरली.

मग काय विचारता! जावई आत गेला तोवर एक रांग हसत होती. त्याने फणस फोडला, चीक लागला, वर्तमानपत्र हाताला चिकटलं तोवर निम्मा हॉल. वर्तमानपत्र हाताचं सुटून सासऱ्यांच्या टकलाला चिकटलं, ते काढायला सासूबाई धावल्या, त्यांचा पदर फणसाला, फणस जावयाला, आणि सगळं सासर एकमेकांना चिकटून अंगणात गोल गोल फिरायला लागलं, तेव्हा अख्खा हॉल हसून कोसळला. सागवानवाल्या गृहस्थांना ठसका लागला. कुंडलिकराव अध्यक्षपद विसरून शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दे घालत होते. ‘मागे घे रे, मागे घे! पहिलं पडणं पुन्हा लाव!’ अशा आरोळ्या उठल्या.

देवयानी मात्र हसता हसता अचानक पडद्याकडे निरखून बघायला लागली. तिने आजीचा दंड धरला.

‘आजी... ते थांबणं.’

‘काय?’

‘मी कापणार होते ते. अगं, ते लोकांच्या हसण्यासाठी थांबतात. बघ तू.’

मंदाकिनीने बघितलं. जावई थांबला. हॉलमध्ये हशा उसळला, वर चढला, ओसरायला लागला, आणि अगदी ओसरता ओसरता जावयाने पुढचं पाऊल टाकलं. पुन्हा थांबला, आणि या वेळचा हशा मोठा होता, तर थांबणंही मोठं. कुठे लहान, कुठे लांब, एकही चुकेना. शंभर वर्षांपूर्वी, रिकाम्या अंगणात, समोर एक कॅमेरेवाला आणि दोन-चार कावळे असताना, एका बावीस वर्षांच्या पोराने न आलेल्या लोकांचं न आलेलं हसू मोजून ठेवलं होतं. डोंबिवलीतली ही माणसं किती वेळ हसतील हे त्यांच्यातला एकही जण जन्मायच्या आधी त्याला ठाऊक होतं. मंदाकिनीच्या अंगावर काटा आला तो जाईचना. देणगी नाही म्हणे आपल्याकडे! अहो अण्णा, ही देणगी नाही तर काय आहे?

चित्रपट संपला. दिवे लागले तेव्हा माणसं डोळे पुसत एकमेकांकडे बघत होती, अनोळखी असून ओळखीचं हसत होती. कुंडलिकराव स्टेजवर गेले, फोटोपाशी जरा घुटमळले आणि त्यांनी आपण होऊन हार काढून बाजूला ठेवला. भाषण काही त्यांना सुचलं नाही. त्यांच्या बाबतीत हे प्रथमच झालं असावं.

मंदाकिनी देवयानीच्या हाताला धरून निघाली. पुढे-मागे माणसं, कुणी पाया पडायला वाकतंय, कुणी वॉल्टरला चाल विचारतंय. हॉलचं लाकडी दार आलं. उंच, चांगलं दहा फुटी. मंदाकिनी थबकली.

‘हात सोड माझा.’

‘पडशील आजी.’

‘सोड म्हटलं ना.’

तिने साडीचा घोळ जरासा उचलला. गुडघा कुरकुरला, पण चपलेचा चवडा बरोबर दाराच्या खालच्या फळीवर बसला. धाड! आणि मान मागे.

‘अरे देवा, आजींना लागलं!’ कुणीतरी किंचाळलं. गर्दी जागच्या जागी थिजली. मंदाकिनीने कपाळ चोळलं, चौकटीला हात जोडून नम्रपणे माफी मागितली. मग मान तिरकी केली, एक भुवई वर उचलली, आणि नातीकडे बघत स्तब्ध उभी राहिली.

कुणी हसेना. सगळे घाबरून बघत होते.

अगंबाई, किती लांब असतं हे थांबणं! सगळा जीव डोळ्यांत येतो आणि समोरच्याच्या ओठांवर जाऊन बसतो. इथे अण्णा उभे होते. मोहन्याच्या त्या दारात, आठवड्यातून दोनदा, इतकी वर्षं, खाली घातलेल्या चार मानांकडे बघत. मंदाकिनी हलली नाही. तीही थांबली, अण्णा थांबायचे तितकी.

देवयानीची नजर आजीच्या कपाळावरून चौकटीकडे गेली, चौकटीवरून खाली चपलेकडे आली, आणि ती फसकन हसली.